लक्ष्मीविलासच्या भिंतींबाहेर

१८७८ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा तो ज्यांच्यासाठी बांधायचा होता त्या महाराजांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. त्याआधी तीनच वर्षांपूर्वीपर्यंत ते महाराज नव्हते आणि त्यांचे नाव सयाजीरावही नव्हते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी शेती करून राहणाऱ्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ हा मधला मुलगा. बडोद्यातले इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याच्या आरोपावरून तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर खटला चालला, तो देशभर गाजला, इंग्रजांनी त्यांना १८७५ मध्ये गादीवरून दूर केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याचे तीन भाऊ बडोद्याला आणले गेले. कशासाठी आलात असे विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलो असे उत्तर दिले, ही गोष्ट आपल्याकडे कितीतरी घरांत सांगितली जाते. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांच्या त्या मुलाची अक्षरओळख त्यानंतर सुरू झाली.

राजवाडा पाहायला जाताना हा मुलगा माझ्या मनात होता. एरवी एखादा राजवाडा पाहून आपण बाहेर पडतो ते झुंबरे, आरसे आणि तलवारी यांची गोळाबेरीज डोक्यात घेऊन. लक्ष्मीविलासमध्येही ते सारे भरपूर आहे आणि ते डोळे भरून पाहावे असेच आहे. परंतु या वास्तूत जे जे खरोखर मोलाचे घडले, ते तिच्या भिंतींच्या आत राहिले नाही, ते बाहेर पडून सामान्यांच्या घरांत, गळ्यांत आणि वाचनालयांत गेले, असे मला तिथे फिरताना सतत वाटत राहिले. जिथे ते बाहेर पडू शकले नाही ती जागाही बडोद्यातच आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

राजवाड्याच्या फाटकातून आत शिरल्यावर बराच वेळ नुसती झाडी आणि हिरवळ दिसते. आवार काही शे एकरांचे आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे गायकवाड बडोद्यात येण्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीची नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, याच आवारात आहे. मग वळणावर एकदम वास्तू समोर येते आणि तिची लांबी एका नजरेत मावत नाही. बकिंगहॅम पॅलेसच्या ती चौपट आहे हे वाक्य बडोद्यात प्रत्येक जण ऐकवतो. मला त्या तुलनेत फारसा रस वाटला नाही, कारण पाहण्यासारखी गोष्ट आकाराची नाही, बांधणीची आहे. खालच्या कमानींच्या महिरपी मुघल वळणाच्या आहेत, त्यांच्यावर गुजरात-राजस्थानातल्या हवेल्यांमध्ये असतात तसे झरोके आहेत, छतावर छत्र्या आणि घुमट आहेत, आणि या सगळ्यांतून वर गेलेला मनोरा युरोपातल्या एखाद्या जुन्या चर्चची आठवण देतो. इतक्या घराण्यांच्या खाणाखुणा एका भिंतीवर आल्यावर गोंधळ व्हायला हवा होता, तो होत नाही, याचे श्रेय दगडाच्या कामाला आहे. तांबूस-पिवळसर वालुकाश्म आणि पुण्याकडून आणलेला निळसर काळा दगड यांची रंगसंगती संपूर्ण दर्शनी भागाला एकत्र बांधून ठेवते. झरोक्यांच्या तळाशी असलेल्या घोड्यांजवळ, म्हणजे वरचा भार पेलणाऱ्या त्या कोरीव दगडांजवळ, मी बराच वेळ उभी राहिले. प्रत्येकावरची वेल निराळी वळली आहे, आणि जिथे माणसाची नजर सहसा पोहोचत नाही त्या मागच्या बाजूलाही पानांच्या शिरा तितक्याच निगुतीने काढलेल्या आहेत. हे काम करणाऱ्या पाथरवटांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत.

वास्तूचे आराखडे मेजर चार्ल्स मँट यांनी केले. कोल्हापूरकरांना हे नाव परके नाही, कारण कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांच्याच हातचा आहे आणि दोन्ही वास्तू पाहिलेल्या माणसाला त्यांचे नाते लगेच लक्षात येते. मँट १८८१ मध्ये वारले. आपली गणिते चुकली आहेत, इमारत कोसळणार आहे, या भयाने त्यांचे चित्त ढळले आणि त्यांनी जीव दिला असे सांगितले जाते. काम रॉबर्ट चिझम यांनी पुढे नेले आणि १८९० मध्ये पूर्ण केले. ज्या भिंतींच्या काळजीने त्यांचा बांधणारा खचला अशी आख्यायिका आहे, त्या भिंतींना सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत आणि २००१ चा गुजरातचा भूकंपही त्यांनी सोसला आहे.

राजवाड्याला नाव मिळाले ते सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीवरून, असे मानतात. त्या तंजावरच्या मोहित्यांच्या घराण्यातल्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये लग्न होऊन बडोद्याला आल्यावर त्या चिमणाबाई झाल्या आणि १८८५ मध्ये, राजवाडा पुरा व्हायच्या पाच वर्षे आधी, गेल्या. त्या स्वतः इथे राहिल्याच नाहीत. त्यांच्याबरोबर तंजावरहून आलेल्या मंडळींत नर्तकी आणि त्यांचे साथीदार होते. त्यामुळे तमिळ देशातला तो नाच, ज्याला आज आपण भरतनाट्यम म्हणतो, बडोद्याच्या दरबारात त्या काळी येऊन पोहोचला होता. पश्चिम भारतात इतरत्र त्याची ओळख व्हायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. तंजावरच्या मराठी घराण्याने दोनशे वर्षांत तिकडे जे जोपासले, ते एका मुलीच्या पाठवणीतून दुसऱ्या मराठी दरबारात आले, हा आपल्या इतिहासातला एक विलक्षण धागा आहे आणि तो आपण फार कमी वेळा सांगतो.

दरबार हॉलमध्ये शिरताच पावले आपोआप मंदावतात. मधे खांबांचा अडथळा नसलेले ते प्रचंड दालन, दोन्ही अंगांच्या रंगीत काचा आणि वर कोरीव लाकडाचे सज्जे. खाली व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझाइकची जमीन आहे. ती दुरून एखाद्या गालिच्यासारखी सपाट दिसते; वाकून पाहिले म्हणजे नखाएवढ्या तुकड्यांच्या रांगा दिसू लागतात. पाकळीच्या वळणावर हे तुकडे आणखी लहान होत जातात आणि एकाच पाकळीत गुलाबीच्या तीन-चार छटा भरलेल्या असतात, म्हणजे कारागिराने प्रत्येक तुकडा हातात घेऊन, उजेडात धरून, मग बसवलेला आहे. पूर्वेकडच्या काचांतून आलेल्या उजेडाचे निळे-तांबडे पट्टे त्या जमिनीवर पडले की काचेचा रंग कुठे संपतो आणि दगडाचा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. छायाचित्र काढायला आत बंदी आहे, आणि मला ती पटली. कॅमेरा नसल्यामुळे आमच्याबरोबर आलेली मंडळी खरोखर पाहत होती.

वरचे जाळीदार सज्जे राणीवशासाठी. दरबार भरलेला असे तेव्हा स्त्रिया वरून, जाळीआडून पाहत. सयाजीरावांच्या दुसऱ्या पत्नी, ज्यांचेही नाव चिमणाबाईच होते, त्यांनीही सुरुवातीला हेच केले असणार. पुढे त्यांनी पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीविषयी पुस्तक लिहिले आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हा त्या त्याच्या अध्यक्ष होत्या. त्या जाळीकडे खालून पाहताना मला हा प्रवास राजवाड्यातल्या कोणत्याही वस्तूपेक्षा मोठा वाटला.

याच दालनात गाणेही झाले. बडोदे संस्थानात गवई, वादक, नर्तकी या सर्वांचा कारभार पाहणारे एक स्वतंत्र खाते होते, त्याला कलावंत कारखाना म्हणत. पण सयाजीरावांनी केवळ दरबारी गाण्यावर समाधान मानले नाही. मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ मध्ये गायनशाळा निघाली आणि कोणत्याही घरचे मूल तिथे जाऊन सूर-ताल शिकू शकू लागले. तरुणपणी अब्दुल करीम खाँ बडोद्याला होते. राजघराण्याच्या नात्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणे शिकत होत्या. दोघांनी विवाहाचा निश्चय केला आणि बडोदे सोडले. त्यांची मुले म्हणजे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. हिराबाईंचा जन्म मिरजेचा, पण ज्या शहरातून आईवडिलांना निघावे लागले त्याच शहराचे नाव त्यांनी आयुष्यभर लावले आणि स्त्रीने तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत सन्मानाने बसून गावे हे महाराष्ट्राला शिकवले. राजवाड्याने ठेवून घेतले असते तर हे गाणे आपल्याला मिळाले नसते.

शस्त्रागार आणि गादी हॉल यांविषयी मी फार लिहिणार नाही. तलवारींच्या मुठींवरचे काम अप्रतिम आहे, नवदुर्गांच्या आकृती असलेली तलवार लोक गर्दी करून पाहतात, आणि ज्यांना शस्त्रांची आवड आहे त्यांचा तिथे सहज तास जाईल. माझे पाय राजा रविवर्म्यांच्या चित्रांकडे ओढत होते.

आवारातच महाराजा फत्तेसिंग संग्रहालय आहे. राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत ते १९६१ मध्ये सुरू झाले. रविवर्मा बडोद्याला प्रथम आले ते १८८१ मध्ये, सयाजीरावांना राज्याधिकार मिळण्याच्या सोहळ्याच्या वेळी, दिवाण सर टी. माधवराव यांच्या बोलावण्यावरून. माधवराव मूळचे तंजावरकडचे देशस्थ, त्रावणकोरचे दिवाणपद सांभाळून आलेले, त्यामुळे केरळचा हा चित्रकार त्यांच्या माहितीतला होता. १८८८ मध्ये नव्या राजवाड्यासाठी पुराणांतल्या प्रसंगांवरची चौदा चित्रे काढण्याचे काम रविवर्म्यांना मिळाले, मोबदला ५०,००० रुपये. द्रौपदीला कोणते वस्त्र नेसवायचे, दमयंतीचे दागिने कसे असावेत, हे प्रश्न तेव्हा खरोखरचे प्रश्न होते, कारण पुराणातल्या स्त्रीचा सर्व देशाला आपला वाटेल असा पोशाख कुठे ठरलेलाच नव्हता. रविवर्मा धाकट्या भावाला बरोबर घेऊन उत्तरेपर्यंत हिंडून आले आणि शेवटी त्यांच्या कितीतरी नायिका साडीत, त्यातही आपल्याकडच्या नऊवारीत उभ्या राहिल्या.

ही चित्रे छापील रूपात आपण इतकी पाहिलेली असतात की मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर क्षणभर ती नवी आहेत हे मनाला पटत नाही. शंतनू आणि गंगा यांचा प्रसंग घ्या. नदीत सोडण्यासाठी गंगेने मूल हातात धरले आहे आणि राजा तिला अडवतो आहे. छापील प्रतीत ही एक ठाऊक असलेली कथा असते. मूळ चित्रात मात्र प्रथम दिसते ते बाळाच्या अंगाचे वजन. मग पुढे होऊन साडीचे काठ पाहावेत. जवळून तिथे जरीकाम नसतेच, पिवळ्या आणि तपकिरी रंगाचे जाडसर, घाईने दिल्यासारखे फटकारे असतात. दोन पावले मागे सरकले की तेच फटकारे जरीसारखे झळकू लागतात. नजरेला किती दुरून काय दिसेल याचा एवढा पक्का अंदाज असलेला माणूस तेव्हा जेमतेम चाळिशीत होता.

१८९० मध्ये चित्रे पुरी झाली. राजवाड्यात जाण्याआधी ती काही दिवस सर्वांसाठी मांडली गेली आणि पाहायला लोटच्या लोट आले. देवादिकांची चित्रे अशी आपल्यासारख्याच हाडामांसाची असू शकतात, हे त्यांनी प्रथमच पाहिले होते. मग चित्रे राजवाड्यात गेली आणि दारे मिटली. दारे मिटूनही ती लोकांपर्यंत पोहोचावीत हा विचार माधवरावांनी काही वर्षे आधीच, १८८४ च्या सुमारास, रविवर्म्यांना कळवून ठेवला होता: निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, त्यात देशाचीही सेवा होईल. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी स्वतंत्र दगड, त्या दगडावर त्या रंगापुरतेच चित्र हाताने उतरवायचे आणि मग तोच कागद एकामागून एक अशा अनेक दगडांवर नेमका बसवून छापायचा, असे ते शिलाछापाचे किचकट काम. एखादा दगड केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर येणार. त्या दगडांवरून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती महाराष्ट्रातल्या देवघरांत, दुकानांच्या गल्ल्यांवर, शाळांच्या भिंतींवर जाऊन बसल्या. आमच्या आजोळी माजघरात सरस्वतीचे एक चित्र होते, कडांना वाळवी लागलेले, काचेच्या आत हळदीकुंकवाचे डाग उतरलेले. ते कोणी काढले हे आजीला ठाऊक नव्हते आणि तिला त्याची गरजही नव्हती. दरबारासाठी जे रूप घडले त्याची रोज सकाळी एका शेतकरी घरात पूजा होत होती, आणि मला वाटते, राजवाड्यावर झालेल्या खर्चाची जर कुठे परतफेड झाली असेल तर ती अशा माजघरांत झाली.

खर्चाचा हा विचार टाळता येत नाही आणि टाळूही नये. पैसा बडोदे संस्थानच्या रयतेचा होता. राजवाडा बांधून दहा वर्षे होतात न होतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत आजही छप्पनिया म्हणतात, आणि संस्थानातली हजारो माणसे व गुरे त्यात गेली. मोझाइकच्या जमिनीवर उभे राहून हे आठवले की सौंदर्य कमी होत नाही, पण त्याच्यासमोर नुसते हरखून जाणेही जमत नाही. सयाजीरावांच्या बाबतीत एवढे मात्र म्हणता येते की राजवाड्याचा निर्णय ते अल्पवयीन असताना, इतरांनी घेतलेला होता, आणि कारभार हाती आल्यावर त्यांनी स्वतः जे घडवले त्याचा रोख दुसरीकडे होता. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू, मुलींसहित. बाराव्या वर्षी ज्याला पहिले अक्षर भेटले, त्याला अक्षराविना राहणे म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावे लागले नसणार.

म्हणून लक्ष्मीविलास पाहिल्यावर मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून महाराजांनी ग्रंथालयांची व्यवस्था लावायला घेतली आणि स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तके त्यासाठी देऊन टाकली. तिथे पुस्तकांची लोखंडी फडताळे मजल्यावर मजले अशी उभी आहेत आणि त्यांच्यामधल्या जमिनी जाड काचेच्या आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकाच्या पाठीवर पडावा म्हणून. दरबार हॉलच्या रंगीत काचा मी त्याच दिवशी पाहिल्या होत्या. दोन्ही काचा एकाच राजाच्या काळातल्या आहेत आणि निवड करायची झाली तर मी ही दुसरी निवडीन, जिच्यावरून पुस्तके आणणाऱ्या शिपायाची पावले चालून गेली.

ग्रंथालयाकडून सयाजीबागेत, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या कमाटीबागेत गेले. बाग खुद्द महाराजांनी प्रजेसाठी केलेली. १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळून भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि करारानुसार संस्थानची नोकरी करायला १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे आली आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मावले. ओळखीच्यांपैकी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी आसरा मागितला, तो मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी या बागेत काढले. जिथे ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तिथे माणसांची रीघ लागते.

ज्या राजाने त्यांना सातासमुद्रापार पाठवले त्याच्या राजधानीत, त्याच्या अवाढव्य वाड्यापासून थोड्याच अंतरावर, त्यांना एक खोली मिळू शकली नाही. सयाजीरावांचे मोठेपण मी मनापासून मानते आणि म्हणूनच हा प्रसंग मला अधिक लागतो. राजाचा हुकूम शाळा काढू शकत होता, शिष्यवृत्ती देऊ शकत होता, कायदा करू शकत होता. घरमालकाच्या उंबरठ्याशी येऊन तो थांबत होता. लक्ष्मीविलासची दारे आज तिकीट काढणाऱ्या प्रत्येकासाठी उघडी आहेत आणि राजघराणे अजूनही वास्तूच्या उरलेल्या भागात राहते. दरबार हॉलमध्ये माझ्या शेजारी उभी असलेली माणसे कुठकुठल्या गावांची, कुठकुठल्या घरांची होती, आणि त्यांना कोणी नाव विचारत नव्हते, हे आंबेडकरांच्या त्या संध्याकाळीनंतर लक्षात आल्यावाचून राहत नाही.

बडोद्याला जाणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की राजवाडा आणि संग्रहालय सोमवारी बंद असतात, तेव्हा दुसरा दिवस निवडावा, सकाळी दरबार हॉल आणि रविवर्मा पाहावेत, दुपारी ग्रंथालय गाठावे, आणि संकल्पभूमीला जाण्यासाठी संध्याकाळचा वेळ राखून ठेवावा. राजवाडा पाहून परस्पर स्टेशनवर जाऊ नये. तिथली निम्मी हकीकत कमाटीबागेत आहे.